जिवंत चढल्या होत्या, हे कोण सांगणार?

प्रिय आई,

'प्रिय' लिहिलं आणि थांबले. इतकी वर्षं एका छताखाली काढली, पण असला शब्द आपल्यात कधी आला नाही. तुम्ही 'अर्चना' म्हणायच्या, मी 'हो आई' म्हणायची, त्यातच सगळं येऊन जायचं. सासू-सुनेला आणखी काय लागतं? पण कागदावर लिहायचं म्हटलं की समोर काहीतरी लावावंच लागतं नं!

आज तुमचा दाखला हाती आला. मृत्यूचा. ऑफिसातून निघाले, ऑटो केला, विजय नगरच्या वळणावर उतरले, कुलूप काढलं आणि दारातूनच ओरडले, "आई, झालं बरं का काम!"

सवय. दुसरं काय?

मग चपला तशाच पायात ठेवून खुर्चीवर बसून राहिले. बँकेचं असो, गॅसचं असो, बाहेरचं एखादं काम मार्गी लागलं की मी पहिले तुम्हालाच सांगायची. तुम्ही "अच्छा! मग काय म्हणाला तो?" असं विचारायच्या आणि मी पार पहिल्यापासून रंगवून रंगवून सांगायची. हे काम तर एवढ्या खटपटीनं झालं आणि ऐकायलाच कोणी नाही. काम तुमच्याच मरणाचं होतं म्हणून काय झालं? ज्यांना सांगायचं त्या तुम्हीच. म्हणून लिहून राहिली आहे. ऐका.

त्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. लॅबमध्ये पोचायची घाई. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं माझ्याआधी दारात उभी असतात. तुम्ही म्हणाल्या, "बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन येते. ब्लाउजचं कापड पाहायचं आहे."

मी म्हणाले, "रविवारी जाऊ की सोबत."

"काहून? मला काय रस्ता माहीत नाही?"

माझ्या नंबरची चिठ्ठी बटव्यात आहे का, तेवढं मी विचारलं. तुम्ही बटवा उघडून दाखवला. तुम्ही ती मोतिया रंगाची माहेश्वरी नेसल्या होत्या. ब्लाउजचं कापड आणायला कोण माहेश्वरी नेसून जातं? माझ्या लक्षात आलं होतं, आई. विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का तुम्ही?

संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. मी पोचले तेव्हा तुमच्या अंगावर चादर होती. डॉक्टर म्हणाले, आणलं तेव्हाच गेलेल्या होत्या, हृदयानं साथ सोडली. बाहेर बाकावर एक बसचा कंडक्टर बसून होता. त्यानंच तुम्हाला उचलून आणलं होतं, चिठ्ठीही त्यालाच सापडली. "मझौली से बैठी थीं माताजी," तो म्हणाला. मला वाटलं, याची काहीतरी गफलत होऊन राहिली. शहरातल्या शहरात कापड घ्यायला गेलेली बाई मझौलीहून कशी परत येईल? तिकडे जायला बसनं अर्धा दिवस मोडतो!

पण तिकीट बटव्यात होतं.

ग्वारीघाटला अग्नी मीच दिला. सुहास असता तर त्यानं दिला असता, पण तुमचा मुलगा तुमच्याआधी गेला, आणि आम्हाला मूलबाळ नाही. घाटावर एकजण म्हणाला, "कोई आदमी नहीं है साथ में?" मी म्हणाले, मी आहे नं. नीट झालं का, आई?

तेरा दिवस माणसं येत राहिली. मझौलीचं ऐकून सगळ्यांनी एकच सांगितलं, तिथल्या वराहाच्या देवळात गेल्या असतील, म्हाताऱ्या माणसाला एकदम देव आठवतो. मीही तेच धरून चालले. पण मनातून रागावले होते तुमच्यावर. देवाला जायला खोटं कशाला बोलायचं? मी काय अडवलं असतं?

चौदाव्या दिवसापासून घर गप्प झालं. तुमच्या खोलीतला पंखा मी उगीच चालू ठेवायची, घरात काहीतरी हलत राहावं म्हणून.

मग कागदांची कामं निघाली. तुमची पेन्शन बंद करायची, घर तुमच्या नावावर, त्याचं नामांतरण करायचं. जिथे जावं तिथे दाखला मागतात. साऱ्या कॉलनीला माहीत की तुम्ही गेल्या, पण कागद म्हणत नाही तोवर तुम्ही गेलेल्या नाही. खरं सांगू? पहिले काही दिवस मला ते बरंच वाटलं.

जन्म-मृत्यूच्या नोंदी करतात त्या ऑफिसात गेले. खिडकीमागे माझ्याच वयाची एक बाई. तिनं दवाखान्याचा कागद वाचला आणि विचारलं, "मृत्यु कहाँ हुई?"

"अस्पताल में."

"नहीं दीदी. यहाँ लिखा है, मृत अवस्था में लाई गईं. घर से लाए थे?"

"बस से."

"तो बस में हुई?"

मला कुठे माहीत होतं?

बाई वाईट नव्हती. तिनं पेन खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं. चालत्या गाडीत कोणी गेलं तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबते तिथे नोंद होते. बस सरळ दवाखान्याशी येऊन थांबली असेल तर नोंद इथली. "पर बस में बैठीं तब जीवित थीं, ये कौन बताएगा? वहीं मझौली में कुछ हो गया हो तो मैं यहाँ कैसे चढ़ा दूँ? कंडक्टर से लिखवाकर लाइए. और जिसने उन्हें बस में बिठाया, उससे भी."

मी म्हणाले, "किसी ने नहीं बिठाया. अकेली गई थीं."

"पूछ तो लीजिए."

बाहेर पायऱ्यांवर आले आणि मला हसूच फुटलं. म्हणजे मेल्याचा कागद पाहिजे तर आधी जिवंत असल्याचा साक्षीदार आणा! तुम्ही असत्या तर पदर तोंडाला लावून हसल्या असत्या. येणारे-जाणारे माझ्याकडे पाहू लागले. मग हसू गेलं आणि त्या बाईचा प्रश्न तेवढा राहिला. कुठे गेल्या तुम्ही? कोणाजवळ? मला तर वाटत होतं की अनोळखी माणसांच्या बसमध्ये, एकट्या. ऑफिसला त्याच्या रकान्यासाठी पाहिजे होतं, पण पाहिजे तर मलाही तेच होतं.

कंडक्टर बस स्टँडवर सापडला. भला माणूस. टपावर सामान चढवत होता, मला ओळखून खाली उतरला. हात पुसले आणि लगेच लिहून द्यायला तयार झाला. मी विचारलं, "भैया, आख़िर में कुछ बोलीं क्या वो?"

"पानी माँगा था. मैंने अपनी बोतल दी. फिर बोलीं, बेटा, खिड़की थोड़ी खोल दे. मैंने खोल दी. उसके बाद आँख बंद कर ली, मैं समझा सो गईं. बाद में हिलाया तो... फिर ड्राइवर ने गाड़ी कहीं रोकी ही नहीं, सीधे अस्पताल. रास्ते में कितनों को उतरना था दीदी, पर किसी ने नहीं कहा कि रोको."

आई, ऐकलं का? ती भरलेली बस तुमच्यासाठी कुठे थांबली नाही. लोकांची गावं मागे पडत गेली आणि कोणी हूं की चूं केलं नाही. त्यांतलं एकही माणूस मी ओळखत नाही. कोणाचे आभार मानू?

मी म्हणाले, "चढताना बऱ्या होत्या नं? एकट्याच होत्या?" हिंदीत विचारायचं सोडून मराठीतच विचारून गेले. त्याला कळलं.

"अकेली कहाँ थीं? बर्तन की दुकान वाली भाभी बिठाने आई थीं. खिड़की वाली सीट भी उन्होंने ही दिलवाई. दोनों रो रही थीं. मैं समझा, माँ-बेटी हैं."

माँ-बेटी.

स्टँडवरचा सगळा गलका एकदम लांब गेल्यासारखा झाला. तुम्हाला एक मुलगी होती, हे मला सुहासनं लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं. त्याच्याहून मोठी, नलू. दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं म्हणून बाबांनी दार बंद केलं. 'तिचं नाव घरात काढू नको,' एवढं सांगून त्यानं कूस बदलली होती. मी गोंदियाहून आलेली नवी सून, गप्प बसले. पुढे बाबा गेले, सुहास गेला, आपण दोघी उरलो, तरी ते नाव निघालं नाही. तुम्ही काढलं नाही म्हणून मी काढलं नाही. आता वाटतं, तुम्ही माझ्या विचारण्याची वाट तर नव्हत्या नं पाहत?

"भैया, त्यांना सांगितलं का तुम्ही? उनको पता है?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. त्याला दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या रूटवर पाठवलं होतं.

मझौलीला मी लॅबमधून सुट्टी टाकून गेले. रस्ताभर मनात एकच, तिला कळलं असेल, कोणीतरी सांगितलंच असेल. देवा, कळलेलं असू दे!

बाजारात भांड्यांचं दुकान विचारत पोचले. दारात स्टीलच्या बादल्यांची उतरंड, आत गादीवर एक बाई जुन्या पितळेचं वजन करत होती. ओळख पटायला वेळ लागला नाही. तुमचीच हनुवटी, आणि हिशेब करताना भुवयांत पडणारी तीच आठी. मी पायरीवरच खिळले.

"क्या दिखाऊँ, दीदी?"

मी मराठीतच म्हणाले, "मी अर्चना. विजय नगरहून आले."

तिचा हात तराजूवरच राहिला. आणि मग आई, तिचा चेहरा जो उजळला! "आईनं पाठवलं?" ती उठलीच. "ये, ये नं, वर ये! आई कुठे आहे? मागून येऊन राहिली का? पोचली होती नं नीट? मी म्हणलं नंबर तरी घे, तर म्हणाली, सुनेला घेऊनच येते, तिच्या फोनात टाकून दे. तेव्हाची वाट पाहून राहिली मी!"

मी काय बोलू? लॅबमध्ये कोणाच्या रिपोर्टमध्ये काय निघालं ते मला त्यांच्याआधी कळतं. पाकीट हातात देते, 'डॉक्टर को दिखा लीजिए' म्हणते आणि नजर वळवते. इथे कोणाकडे पाठवणार होते?

"ताई," मी म्हणाले, "आई त्याच दिवशी गेल्या. बसमध्येच. घरी पोचल्याच नाहीत."

ती ओरडली नाही. तराजूतली वजनं एकेक करून खाली ठेवली. पितळवाल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "भैया, कल आना." तो गेल्यावर शटर अर्धं खाली ओढलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "बसमध्ये? मी बसवली त्याच बसमध्ये?"

"हो."

"मी तिला खिडकीजवळ बसवलं होतं. ऊन लागू नये म्हणून डावीकडच्या."

"हवा येत होती त्यांना. खिडकी उघडी होती."

एवढंच देण्यासारखं होतं माझ्याजवळ. ते तिनं घेतलं, आणि मग खाली बसून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायचा की नाही, हेच मला कळेना. काय नातं होतं आमचं? नणंद म्हणावं तर आयुष्यात पहिल्यांदा भेटलेली.

रडू ओसरल्यावर ती बोलायला लागली, तुटक तुटक. "मराठी तोंडात बसत नाही आता. घरात सगळे हिंदी. पोरांना 'पाणी'सुद्धा 'पानी'च ठाऊक." मग तुमचं सांगितलं. तुम्ही आल्या आणि दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या. तिला वाटलं, कोणी थकलेली बाई आहे, पाणी घेऊन आली तर तुम्ही म्हणाल्या, "नलू, ओळखलं नाही का?" पत्ता तुम्हाला पहिल्यापासून माहीत होता म्हणे! इतकी वर्षं माहीत होता, आणि तुम्ही माझ्यासमोर बसून शेंगा सोलत राहिल्या?

"पण मला राग आला, वहिनी," ती म्हणाली. 'वहिनी' हा शब्द तिला आठवून काढावा लागला. "इतक्या वर्षांनी माय आली, मला वाटलं माझ्यासाठी आली. तर तिचं आपलं सुरू, माझी सून एकटी आहे, माझ्यामागं तिला कोणी नाही, सणासुदीला तिला विचारत जा, आजारी पडली तर पाणी द्यायला जा. मी म्हणलं, आई, मी मेली का जगली ते तू विचारलं नाही आणि सुनेसाठी बस धरून आली?"

"मग काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाली, तुझ्यासाठी यायला मला तोंड नव्हतं. तिच्यासाठी आली तर तू हाकलून देणार नाही, असं वाटलं."

आई! हे मला न विचारता केलं तुम्ही! मी काय घरातलं भांडं होते, जायच्या आधी कोणाच्या तरी हवाली करायला? आणि मला सोबत घेतलं असतं तर? मी शेजारच्या सीटवर असते. पाणी मी दिलं असतं. खिडकी मी उघडली असती. हे मी तुम्हाला माफ करून नाही राहिली अजून. करीन, पण आज नाही.

नलूताई डोळे पुसून म्हणाली, "सुहास गेला तेव्हा मला कोणी कळवलं नाही. माझे मिस्टर बाजारातून ऐकून आले, तोवर दिवस होऊन गेले होते. या वेळी निदान कोणी सांगायला तर आलं."

ते ऐकून मी गप्प राहू शकले असते. पण पिशवीतला कागद मला टोचत होता. मी म्हणाले, "ताई, खोटं नाही बोलणार. मी सही मागायला आले. आई जिवंत बसमध्ये चढल्या, असं लिहून देणारं कोणी पाहिजे. तुम्हाला कळलं नसेल तर सांगावं लागेल, याची तर मला धास्तीच होती."

मला वाटलं, आता म्हणेल, चालती हो. तिनं हात पुढे केला. "दाखव."

कागद दोनदा वाचला. मग शटर पूर्ण ओढून कुलूप लावलं आणि म्हणाली, "चल. तहसिलीबाहेर बसतात नोटरीवाले."

नोटरी झाडाखाली टेबल टाकून बसला होता, भोवती पाच-सहा माणसं आपापले कागद धरून. त्यानं न बघताच विचारलं, "मृतका से आपका क्या संबंध?"

मी आधीच ठरवून ठेवलं होतं की ती 'परिचित' म्हणाली तरी चालेल. तिला ह्याच गावात राहायचं आहे, तीस-एक वर्षं तिनं माहेर नसल्यासारखंच काढलं आहे, लोकांना काय सांगितलं असेल कोण जाणे.

"बेटी," ती म्हणाली. हळू नाही, मोठ्यानं. दोन माणसांनी वळून पाहिलं. एकजण म्हणाला, "अरे भाभी, आपकी माताजी थीं? बताया नहीं कभी!"

"अब बता रही हूँ."

नोटरीनं विचारलं, नाव कसं लिहू, पतीचं लावून की वडिलांचं? तिनं जरा विचार केला. "पति का तो सब जगह लिखा है. इसमें पिता का लिखो." आणि बाबांचं पूर्ण नाव सांगितलं. ज्या बाबांनी दार लावलं, त्यांचं नाव तिनं एकाही अक्षराला न अडखळता सांगितलं. शिक्का पडला तेव्हा मी तिकडे न पाहता झाडाकडे पाहत राहिले.

मग मला घरी नेलं, जेवल्याशिवाय सोडलं नाही. तिची सून पोळ्या लाटत होती, माझ्याकडे कुतूहलानं बघत. नलूताईनं स्वतः भात केला. गोळाभात, बेसनाचे गोळे घातलेला. "आईलाही हाच वाढला होता. दोनदा घेतला तिनं. म्हणाली, तिखट कमी आहे."

तिखट कमीच होतं, आई. पण तुमचं शेवटचं जेवण गरम होतं, पोटच्या मुलीच्या हातचं होतं आणि तुम्ही ते दोनदा घेतलं. मी त्या ताटावर बसून पहिल्यांदा मनसोक्त रडले. ग्वारीघाटला नव्हते रडले. नलूताईच्या सुनेनं घाबरून पाण्याचा तांब्या पुढे केला.

परतताना ती मला बसवायला आली. त्याच स्टँडवर. शेवटी ती म्हणाली, "पोचली की फोन कर." आणि बसच्या दाराचा दांडा धरून उभी राहिली, कंडक्टरनं "भाभी, हटो" म्हणेपर्यंत. मी घरी पोचल्यावर कुलूप काढायच्या आधी फोन लावला. "पोचले, ताई." तिकडे श्वास सोडल्याचा आवाज आला. "बरं," ती म्हणाली. मग तिनं ठेवला.

तुम्हाला वाटलं असेल, एक हाक मारली की दोघी गळ्यात गळे घालतील? तसं नाही झालं. ती अधूनमधून फोन करते. "काय केलं जेवायला?" विचारते, मी सांगते, मग मी विचारते, ती सांगते. मराठी शब्द अडला की हिंदी टाकते. मध्येच "आई असं म्हणायची का अजून?" असं काहीतरी विचारते आणि मी 'हो' म्हणते. तिच्याजवळची आई तरुण आहे, ती घर सोडून गेली तेव्हाची. माझ्याजवळची आई म्हातारी आहे. दोघींची बेरीज करून एक पूर्ण बाई होत असेल, पण फोनवर जमत नाही ते. आणि फोन ठेवल्यावर घर असतं तसंच असतं. मी कुकरमध्ये एकीपुरता भात लावते आणि तो तरी उरतोच.

ती इकडे आलेली नाही. मी एकदा बोलावलं तर म्हणाली, "त्या घराची पायरी चढायला मला थोडा वेळ लागेल, वहिनी." मी पुन्हा म्हणाले नाही.

दोन्ही बयानं जोडली, मग साहेबांची सही झाली आणि आज दाखला. खिडकीतल्या बाईनं तो माझ्याकडे सरकवताना विचारलं, "मिल गईं बिठाने वाली?" मी म्हणाले, "मिल गईं. बेटी थीं." ती हसली.

तिथूनच नामांतरणाचा अर्ज भरायला गेले. तिथे वारसांची नावं विचारतात. नागपूरच्या प्रकाश भाऊजींना मी कालच फोनवर सांगितलं होतं की नलूताईचं नाव टाकणार आहे. चुलत असले तरी दीर ते, आपल्या माणसाला विचारावं म्हणून सांगितलं. ते केवढ्यानं उसळले! "वहिनी, तिचं नाव काहून टाकून राहिल्या? काका नाहीत, काकू नाहीत. कोणाला माहीत आहे ती?"

"मला माहीत आहे नं."

"आणि उद्या तिची पोरं हिस्सा मागायला आली तर? एकट्या बाईनं कुठे जायचं तुम्ही? चलो, मला काय!"

भीती वाटली, आई, खरंच वाटली. ह्या भिंतींशिवाय माझ्याजवळ आहे काय? त्या रकान्यात माझं नाव लिहून झालं आणि पेन थांबलं. मागचा माणूस म्हणाला, "दीदी, हो गया क्या?" मी म्हणाले, नाही, एक राहिलं आहे. आणि लिहिलं. तुमच्या लेकीचं नाव, मोठ्या अक्षरात.

तिला फोन केला तर म्हणाली, "मला नको घर."

मी म्हणाले, "नको तर नको. नाव राहू द्या."

मग म्हणाली, "तिखट जास्त घालते या वेळी. दसऱ्याला ये." सणाला विचारलं तिनं, आई.

तर असं झालं सगळं. तुम्ही असत्या तर म्हणाल्या असत्या, "एवढी खटपट करून राहिली, आधी चहा तर घे." घेते आता.

तुम्ही गेल्या आणि मी एकटी झाले, हे खोटं नाही. ते लपवून तुम्हाला बरं वाटावं असं काही लिहिणार नाही. संध्याकाळ अंगावर येते. रविवार तर नकोसाच होतो. पण तुम्ही शेवटची बस ज्या कामासाठी धरली, ते काम मी वाया जाऊ देणार नाही, एवढं वचन देते. लॅबमध्ये नवी मुलगी येते, बँकेत कोणी फॉर्म भरून घेतं, शेजारी नवे भाडेकरू येतात, सगळे एकच विचारतात, "घर में कौन-कौन है?" आता विचारलं तर 'कोई नहीं' म्हणणार नाही. सांगीन, "ननद है. मझौली में."

तुमची,
अर्चना